तात्यांच्या शेजारी बाबा

सर्वपित्री अमावस्येला दुपारी दादाकडे, माझ्या चुलतभावाकडे, जेवायला गेले, तर देवघराच्या बाजूला मांडलेल्या पाटावर त्याच्या वडिलांच्या, म्हणजे तात्यांच्या, फोटोशेजारी माझ्या बाबांचा फोटो होता. प्रेसमधून रिटायर होताना नाशिकरोडच्या एका स्टुडिओत काढलेला. पांढरा शर्ट, नीट पाडलेला भांग, आणि गळ्यातली बारीक साखळी. तिच्या टोकाचा क्रूस शर्टाच्या आत आहे, हे फक्त घरच्यांनाच ठाऊक. समोर केळीच्या पानावर भात, वरण, उडदाचे वडे, खीर, गवारीची भाजी, कढी. वहिनी आत शेवटचे वडे काढत होती, तेलाचा वास उदबत्तीच्या वासात मिसळला होता. मला बघून दादा जरा थबकला. "काकांना पण ठेवलंय," म्हणाला, "चालेल ना?" मी मान हलवली. पाटासमोर उभी राहिले, हात जोडले, एक फूल बाबांपुढे ठेवलं, एक तात्यांपुढे. पुतण्यानं तेवढ्यात मोबाइलवर फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला.

संध्याकाळी मावसभावाचा मेसेज आला. "ताई, ही मूर्तिपूजा आहे. तू असं करशील असं वाटलं नव्हतं."

दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी ते सोडून दिलं असतं. पण हा मुलगा बाबांच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्यात रात्र रात्र बसलेला आहे. बाबांचं अंग पुसताना त्याचा हात किती हलका असायचा ते मी पाहिलंय. काही वर्षांपूर्वी तो आपलं कॅथलिक चर्च सोडून एका प्रार्थनासभेत जायला लागला, तिथे त्याची दारू सुटली, संसार रुळावर आला. त्याच्या श्रद्धेनं त्याला वाचवलंय हे मला दिसतं, आणि म्हणून त्याचं वाक्य मला टाकून देता येत नाही. बाळ येशू मंदिरातल्या मूर्तीबद्दलही तो हेच म्हणतो. फेब्रुवारीच्या यात्रेत पुणे रोडवर माणसांच्या रांगा लागतात, त्यांत निम्म्याहून अधिक बायका कुंकू लावलेल्या असतात, नवसाच्या मेणबत्त्या हातात घेऊन उन्हात उभ्या असतात. मला त्या रांगेत देव भेटल्यासारखं वाटतं. त्याला तिथे बायबलमधल्या निर्गमच्या विसाव्या अध्यायातली, मूर्ती करून तिच्या पाया पडू नका, ही आज्ञा मोडलेली दिसते. त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे सन ७८७ ची निकियाची धर्मपरिषद आहे. प्रतिमेला दिलेला मान ज्याची ती प्रतिमा आहे त्याच्याकडे जातो, आराधना मात्र एकट्या देवाची, असं तिथे ठरलं. पण ते येशूच्या आणि संतांच्या प्रतिमांबद्दल. माझे बाबा संत नव्हते. पाटावर तर पितर म्हणून बसवले होते.

आमच्या घराची गोष्ट राहुरी-श्रीरामपूर पट्ट्यातल्या कितीतरी घरांसारखी आहे. एकाच आडनावाची माणसं तीन धर्मांत. बाबांचे आजोबा आणि तात्यांचे आजोबा सख्खे भाऊ. धाकट्यानं मिशनच्या फादरांकडून स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, घेतला, थोरला होता तिथेच राहिला. पुढे त्याच भावकीतली काही घरं बौद्ध झाली. बाबा आणि तात्या दोघंही प्रेसमध्ये लागले, नाशिकरोडला शेजारशेजारच्या चाळींत राहिले. तात्या हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियेच्या, यात्रेला बाबांबरोबर दर सप्टेंबरला यायचे, बाबा त्यांच्या घरच्या पित्रांना जेवायला जायचे. लहानपणी मला यात काही विचारण्यासारखं वाटलं नाही. आई तेवढी जायची नाही. "तुम्ही जा, मला नको," एवढंच म्हणायची, आणि त्या दिवशी घरी आमटी-भात करून एकटी जेवायची. आईच्या त्या नकोचा मला तेव्हा राग यायचा. आज तो येत नाही.

तात्या गेले तेव्हा अस्थी घेऊन आम्ही रामकुंडावर गेलो. सकाळची वेळ, पाणी हिरवट, घाटावर ओल्या धोतरांची आणि तिळांची गर्दी, छत्र्यांखाली बसलेले गुरुजी. नाशिकच्या तीर्थोपाध्यांकडे नामावळ्यांच्या वह्या असतात. गाव सांगितलं, आडनाव सांगितलं की पिढ्यान्‌पिढ्यांची नावं निघतात, तुमचा खापरपणजोबा कधी येऊन गेला तेही निघतं. आमच्याआधी बसलेल्या कुटुंबाच्या सात पिढ्या निघाल्या, त्यांच्यातली एक म्हातारी रडायला लागली. दादाची पाळी आली. गुरुजींनी पानं उलटली, गाव सापडलं, आमचं घर नाही सापडलं. सापडणार कसं? आमची वस्ती गावकुसाबाहेरची. काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला, आणि दार तेव्हा उघडलं नाही. रामकुंडाचा घाटही आमच्या माणसांना मोकळा नव्हता. गुरुजींनी कोरं पान काढलं आणि तात्यांच्या नावानं सुरुवात केली. त्यांच्या वर लिहायला दादाला त्याच्या आजोबांपर्यंतची नावं सांगता आली. त्याच्या वरचं, दोन्ही घरांच्या मुळाशी असलेल्या माणसाचं नाव, दादाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

मेसेज आल्यानंतरच्या आठवड्यात मी बरंच वाचलं. भावाला हरवायचं होतं म्हणून नाही. मला स्वतःला उत्तर हवं होतं.

संत ऑगस्टीननं आपल्या आईची एक आठवण लिहून ठेवलीय. मोनिका आफ्रिकेतली. तिच्याकडची रीत अशी की संतांच्या आणि हुतात्म्यांच्या थडग्यांवर लापशी, भाकरी आणि द्राक्षरस घेऊन जायचं. मुलामागे ती मिलानला आली आणि तिथेही टोपली घेऊन निघाली. दारवानानं अडवलं. बिशपांनी, म्हणजे संत अँब्रोजनं, मनाई केलीय म्हणाला. कारण दोन. लोक त्या निमित्तानं पितात, आणि हे रोमन लोकांच्या पितरांच्या सणासारखं दिसतं. त्यांचा पॅरेंटालिया नावाचा सण फेब्रुवारीत असायचा, घरोघरचे लोक आईबापांच्या थडग्यांवर अन्न ठेवायचे. मोनिका मुकाट्यानं परत फिरली. पुढे टोपलीतलं अन्न तिनं गरिबांना दिलं आणि थडग्यांपाशी नुसती प्रार्थना घेऊन जाऊ लागली. मरताना मुलांना म्हणाली, देह कुठेही पुरा, त्याची काळजी नको, फक्त जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा. आपण आज मृतांसाठी मिस्सा, म्हणजे वेदीवरची उपासना, देतो, सातव्या दिवसाची, महिन्याची, वर्षाची, ती हीच आठवण. मला मोनिका फार जवळची वाटली. दारात अडवलेली, हातात टोपली असलेली बाई. ती भांडली नाही म्हणून नव्हे, तिनं टोपली रिकामी करून फेकली नाही म्हणून. द्यायचं ते दिलंच, फक्त जिवंत माणसाच्या हातात दिलं.

आणि आपल्या बायबललाही या बाबतीत एकच मत नाही. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात दशमांश देणारा माणूस देवापुढे सांगतो की यातलं काही मी मृतांना वाहिलेलं नाही. बेन सिराख म्हणतो, बंद तोंडापुढे ओतलेली पक्वान्नं ही थडग्यावर ठेवलेल्या नैवेद्यासारखी, काय उपयोग? पण तोबितच्या ग्रंथात बाप आपल्या मुलाला सांगतो, नीतिमान माणसांच्या थडग्यावर आपली भाकर ठेव. तोबित आणि सिराख ही दोन्ही पुस्तकं माझ्या मावसभावाच्या बायबलमध्ये नाहीत, माझ्यात आहेत. दोन्ही वाक्यं मी पेन्सिलीनं अधोरेखित केली. पौलाचं करिंथकरांना लिहिलेलं तर घरात वाचून दाखवावं असं आहे. कुणी जेवायला बोलावलं तर जे वाढतील ते खा, चौकशी करू नका. पण कुणी म्हणालं की हे मूर्तीला वाहिलेलं आहे, तर खाऊ नका. आपल्या विवेकासाठी नव्हे, त्या सांगणाऱ्याच्या विवेकासाठी. म्हणजे पौलालासुद्धा अन्नाची भीती नव्हती, शेजारी बसलेल्या दुबळ्या मनाच्या भावाची काळजी होती. माझा मावसभाऊ त्या ताटावर बसलेला नव्हता. पण पुतण्याच्या स्टेटसमुळे तो बसल्यासारखाच झाला, हे मला मान्य करावं लागतं.

सगळ्यात जास्त वेळ मी चीनमध्ये अडकले. माटेओ रिची नावाचा येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू १५८२ मध्ये मकावला पोचला, चिनी शिकला, विद्वानांचा झगा घालून राहिला आणि १६१० मध्ये बीजिंगला वारला. त्यानं आणि त्याच्या मागून आलेल्यांनी पाहिलं की चिनी घरात पूर्वजांच्या नावाची लाकडी पाटी असते, तिच्यापुढे उदबत्ती लागते, घरातले वाकून नमस्कार करतात. ते म्हणाले, हा आईबापांचा मान आहे, आराधना नाही, ख्रिस्ती झालेल्यांनी करायला हरकत नाही. नंतर आलेल्या डोमिनिकन आणि फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघांच्या धर्मगुरूंना ते पटलं नाही. त्यांनी साध्या माणसांत काम केलं होतं, आणि साधा माणूस पाटीत आजोबांचा आत्मा बसलाय असं समजतो हे त्यांना दिसलं होतं. मला वाटतं, दोघांनीही खरं तेच पाहिलं होतं. रोमकडे तक्रार गेली. १६४५ मध्ये मनाई, १६५६ मध्ये परवानगी, पुन्हा १७०४ मध्ये मनाई. सम्राट कांगशीनं स्वतः सांगितलं होतं की या चालीरीती मानाच्या आहेत, तरी १७१५ मध्ये पोप अकराव्या क्लेमेंटनं मनाई पक्की केली. सम्राटानं चिडून १७२१ मध्ये धर्मप्रसारच बंद केला. १७४२ मध्ये चौदाव्या बेनेडिक्टनं यावर वाद घालायलाही बंदी केली, चीनला जाणाऱ्या मिशनऱ्यांना तशी शपथ घ्यावी लागे. त्या सगळ्या भांडणात एक बारीक गोष्ट मला सापडली. आत्म्याचं आसन असं लिहिलेली पाटी नको, पण नुसतं नाव लिहिलेली पाटी असेल तर ती सहन करता येईल, हे मनाई करणाऱ्यांनीही म्हटलं होतं.

नुसतं नाव.

मग जवळजवळ दोनशे वर्षांनी, ८ डिसेंबर १९३९ ला, बाराव्या पायसच्या काळात रोमनं सांगितलं की मृत व्यक्तीपुढे, तिच्या चित्रापुढे किंवा नाव लिहिलेल्या पाटीपुढे मस्तक लववणं योग्य आणि उचित आहे. पाटावरच्या फोटोपुढे मी जे केलं ते या वाक्यात जसंच्या तसं बसतं. इथे थांबून मावसभावाला हेच पाठवावं असं मनात आलं होतं. पाठवलं नाही, कारण त्याच दिवशी मी कोरियाच्या पॉल युन जी-चुंगबद्दल वाचलं. खानदानी घरातला हा माणूस. १७९१ मध्ये त्याची आई वारली. त्यानं शोक केला, तिला रीतसर पुरलं, पण पितरांच्या पाट्या जाळल्या आणि श्राद्ध करायला नकार दिला, कारण बीजिंगच्या बिशपांनी रोमची मनाई त्यांच्यापर्यंत पोचवली होती. आईचं श्राद्ध न करणारा मुलगा म्हणजे त्या समाजात राज्याचाच शत्रू. त्याला आणि त्याच्या मामेभावाला, जेम्स क्वोन सांग-यॉनला, मृत्युदंड झाला. तारीख ८ डिसेंबर १७९१. रोमची परवानगी आली तीही ८ डिसेंबरला, निष्कलंक मरियेच्या सणाच्या दिवशी. मधे १४८ वर्षं. २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सेऊलमध्ये जाऊन त्याला धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या अलीकडच्या पायरीवरचा, घोषित केलं.

ज्या गोष्टीला नकार देऊन तो मेला, तीच गोष्ट आज त्याच्या देशातले कॅथलिक करतात, आणि चर्च दोघांनाही बरोबर म्हणतं. मी हे कळून घ्यायला बरेच दिवस घेतले. चर्चनं आधी चूक केली आणि मग सुधारली एवढंच म्हणून मोकळं होता येत नाही, कारण तसं म्हटलं की तो माणूस फुकट मेला असा अर्थ होतो, आणि ते माझ्या मनाला पटत नाही. त्या काळी पाटीपुढे वाकणं म्हणजे काय हे राज्यानं ठरवलं होतं. वाकला असता तर त्याच्या मनात काहीही असो, ती कबुली ठरली असती. आज त्याचा नातू-पणतू वाकतो तेव्हा तो आईला वाकतो. हात तेच, कंबर तेवढीच वाकलेली. आत काय आहे हे बाहेरून दिसत नाही. म्हणून मूर्तिपूजा आहे का, हा प्रश्न मी फक्त मला विचारू शकते. आईचं नको मला त्या दिवशी कळलं. ती स्वतःला विचारून नको म्हणत होती, बाबांना तिनं कधी अडवलं नाही.

मग मी स्वतःला विचारलं. माझे बाबा भुकेले आहेत असं मी मानते का? नाही. पानातला घास त्यांना पोचतो? नाही. ते शुद्धिस्थानात, म्हणजे स्वर्गात जाण्याआधी आत्मा शुद्ध होतो तिथे, असतील तर माझ्या प्रार्थनेचा त्यांना उपयोग आहे असं मी मानते, आणि ही दादाची श्रद्धा नव्हे. दोन्ही एकच आहेत असं म्हणणं गोड लागतं, पण त्यात दादाचाही मान राहत नाही. त्या दुपारी जेवणाआधी निखाऱ्यावर तुपाची धार सोडून आगारी टाकली, मग दादा गच्चीवर कावळ्यासाठी पान घेऊन निघाला. जाताना त्यानं विचारलं, काकांचा घास तू ठेवतेस का. मी नाही म्हटलं. "मला ते नाही करता येणार, दादा. मी जेवते, पोटभर जेवते." तो "बरं" म्हणाला आणि एकच पान घेऊन वर गेला. पानापाशी मी परत आले तेव्हा माझ्या लक्षात आलं. तात्यांच्या फोटोला गंध लावलेलं होतं. बाबांच्या फोटोला नव्हतं, फक्त हार. नंतर वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, "त्यांनीच सांगितलं, काकांना गंध नको. काका कधी लावून घ्यायचे नाहीत." रोमला ज्यावर तीनशे वर्षं लागली ते दादानं सकाळी गंध उगाळताना केलं होतं, कारण त्याला बाबा माहीत होते.

हे सगळं मी मावसभावाला सांगितलं, घरी बोलावून, चहा करून. त्यानं ऐकलं. १९३९ त्याच्या लेखी काही नाही, रोमचा शब्द तो मानत नाही. चर्चमध्ये आपण आरती करतो त्याबद्दलही तो बोलला. मी सांगितलं की त्याला १९६९ मध्ये रोमची परवानगी मिळालेली आहे, समईला आणि गुडघे-डोकं टेकून नमस्कार करण्यालाही. तो म्हणाला, "ताई, परवानगीचं नाही. मला भीती वाटते, मी पुन्हा जुन्या गोष्टींत ओढला जाईन." त्याच्या घरी भगताचे, उताऱ्यांचे दिवस मी पाहिलेत. लिंबू-मिरच्या, कोंबड्या, कर्ज. त्यातून तो बाहेर आलाय आणि पाटावरचं पान त्याला त्याच दारासारखं दिसतं. त्याच्या भीतीपुढे माझ्याकडे युक्तिवाद नव्हता. पुतण्याला मी पुढच्या वर्षी स्टेटस ठेवू नकोस म्हणून सांगितलंय, पौलाचं ऐकून.

२ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, दफनभूमीत आम्ही बाबांच्या कबरीला चुना लावला, झेंडू वाहिला, मेणबत्त्या आणि उदबत्त्या लावल्या. फादरांनी फिरून पवित्र पाणी शिंपडलं. मावसभाऊ आला होता. मेणबत्ती त्यानं घेतली नाही, वाऱ्यानं विझणाऱ्या माझ्या मेणबत्तीला मात्र हाताचा आडोसा धरून उभा राहिला. त्या महिन्यात मिस्सेसाठी मृतांच्या नावांचं पाकीट द्यायचं असतं. मी फादरांना विचारलं, तात्यांचं नाव लिहू का, त्यांचा स्नानसंस्कार झालेला नव्हता. ते म्हणाले, लिहा की, मिस्सा कुणासाठीही अर्पण करता येते, जिवंत असो वा मृत, चर्चच्या कायद्यातच आहे. मग मी तात्यांच्या वडिलांचं, आजोबांचं लिहिलं, आणि पुन्हा त्याच कोऱ्या जागेशी आले.

तेव्हा सुचलं की बाबांच्या आजोबांच्या स्नानसंस्काराची नोंद गावाकडच्या धर्मग्रामात, म्हणजे तिथल्या चर्चच्या दप्तरात, असणार. गेले. तिथल्या फादरांनी कपाटातून जुनी वही काढली, कडा वाळवीनं खाल्लेल्या, रकाने लॅटिनमधले, अक्षर कुणा युरोपातल्या माणसाचं, आपली गावं रोमन लिपीत कशीबशी बसवलेली. पणजोबांची ओळ सापडली. नवं नाव, जुनं नाव, अंदाजे वय, आणि पुढच्या रकान्यात बापाचं नाव. आता कुणी ठेवत नाही असं, दोन अक्षरी. तो कधी ख्रिस्ती झाला नाही, रामकुंडावर त्याला कुणी उभं केलं नाही, आणि त्याचं नाव जगात एवढ्या एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं.

तिथूनच दादाला फोन केला. त्यानं दोनदा म्हणवून घेतलं, मग वहिनीला हाक मारून कागद-पेन मागितलं. रामकुंडावरच्या गुरुजींकडे जाऊन तात्यांच्या आजोबांच्या वर ते नाव चढवून घ्यायचं ठरलंय. पाकिटावर मी ते लिहिलं, आणि दादाबरोबर घाटावरही जाणार आहे.